जिंतूरचे दोन, पूर्ण्याचा एक

आमच्या कॉलेजात कुठलाही कार्यक्रम असला की माईक माझ्या हातात येतो. मी मराठी शिकवते, एवढंच त्याचं कारण. रक्तदान शिबिर असो, झाडं लावायची असोत, नाहीतर निवृत्त होणाऱ्या क्लार्कचा सत्कार असो, ‘मॅडम, तुम्हीच बघा’ म्हणून सगळे मोकळे होतात. त्यामुळे मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना परभणीत, आमच्या मैदानावर ठरला, तेव्हा समालोचन कोण करणार हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. ऑफसाइड म्हणजे नक्की काय?

आमच्या स्वतःच्या मुली पहिल्याच फेरीत घरी परतल्या होत्या. अंतिम सामना होता पूर्ण्याच्या कॉलेजचा आणि जिंतूर तालुक्यातल्या एका कॉलेजचा. त्या दुसऱ्या संघातल्या बहुतेक मुली चारठाण्याच्या आणि आसपासच्या खेड्यांमधल्या, पण परभणीत सगळे त्यांना ‘जिंतूरच्या पोरी’च म्हणायचे. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि समालोचनावर आणखी एक काम चढवलं.

“सामन्याच्या आठवडाभर आधी आपल्या चॅनलवर एक व्हिडिओ टाकायचा,” ते म्हणाले. “दोन्ही संघ जाऊन बघा आणि बोला. कोण जिंकणार, का जिंकणार. पोरं आजकाल मॅचपेक्षा तेच जास्त बघतात.”

“सर, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही.”

“मग तर फारच छान. निःपक्षपाती राहाल.”

आमच्या घरी मात्र निःपक्षपाती राहणं सोपं नव्हतं. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, मूळचे पूर्ण्याचे. जन्म रेल्वे कॉलनीतला, नोकरी मालगाडीवरच्या गार्डची. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे परभणीला राहायला आले. त्यांचा कुणाला त्रास नव्हता, आणि नेमकी तीच गोष्ट मला खटकायची. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी स्टेशनपर्यंत चक्कर मारून कुठली गाडी किती लेट आहे ते बघून यायचं. विचारलं तर बोलायचे. न विचारता फारसं नाही.

त्या दिवशी जेवताना मी सामन्याचं सांगितलं. मामांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

“फायनलला कोण हाय म्हणालीस?”

“पूर्णा आणि जिंतूरकडचं एक कॉलेज.”

“मग त्यात अंदाज काय बांधायचा? पूर्णा जिंकणार.”

“तुम्ही बघितलाय का संघ?”

“संघ कशाला बगायचा? रेल्वेचं मैदान बगितलंय की. आमी तिथंच वाढलाव. ड्यूटी संपली की गार्ड, फायरमन, पॉइंट्समन, सगळे मैदानात. मी लेफ्ट हाफ होतो, मधल्या फळीत डाव्या कडंला.”

माझ्या नवऱ्याने ताट उचललं. “आता हे तासभर चालणार,” असं मला हळूच सांगून तो आत गेला. तासभर नाही, त्याहून बरंच जास्त चाललं. पाण्याचे ग्लास आणि लोणच्याची बाटली मांडून मामांनी मला ऑफसाइड शिकवलं. लोणच्याची बाटली म्हणजे गोलकीपर. मला ते निम्मं समजलं. पण सासूबाई गेल्यापासून मामा इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं सकाळच्या पॅसेंजरने पूर्ण्याला गेलो. मामांनी इस्त्रीची पँट घातली होती. स्टेशनातून बाहेर पडल्यावर मला रस्ता विचारायची गरजच पडली नाही. ते माझ्यापुढे झपझप चालत होते आणि वाटेत भेटेल त्याला ‘आमची सूनबाई, कॉलेजात प्रोफेसर हाय’ असं सांगत होते.

मैदान मुरमाचं, सपाट, कडेने लिंबाची झाडं. मुली सराव करत होत्या. पाहिल्या पाहिल्या माझ्या मनात आलं, या किती लहानखुऱ्या आहेत. अकरावीतल्या वाटाव्यात अशा. पण चेंडू सुरू झाला आणि मी बसायचंही विसरले. चेंडू कुणाच्या गुडघ्याच्या वर जातच नव्हता. हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून तिसरीकडे, जसं कुणीतरी रांगोळीचे ठिपके न थांबता जोडत जावं. मधोमध सात नंबरची मुलगी होती, संघाची कप्तान. सगळ्यांत बुटकी आणि डावखुऱ्या पायाची. चेंडू तिच्याकडे आला की ती थांबायची. अंगावर दोघीतिघी धावून आल्या तरी थांबायची. आणि मग कुठूनतरी फट शोधून चेंडू पलीकडे.

मामा कडेला उभे राहून पुटपुटायला लागले. “सोड. सोड आता. दे की.”

सात नंबरने मान वळवली. “कुणाला म्हणायलाव काका?”

“तुलाच बाई. लय वेळ ठेवतीस पायात.”

“ठेवला की त्या येतेत माझ्या अंगावर,” ती म्हणाली. “त्या आल्या की मागची मोकळी होती. मग तिला द्यायचा.”

मामांनी तिचा पुढचा पास नीट बघितला. थोड्या वेळाने मला म्हणाले, “बरोबर हाय तिचं. आमाला हे कुणी सांगितलं न्हाई.”

तिची आई डबा घेऊन आली होती. अंगणवाडीत काम करणारी, हसरी बाई. “जय भीम, मॅडम,” म्हणाली आणि माझ्याशेजारी ओट्यावर बसली. मी विचारलं, घरचे काही म्हणत नाहीत का, पोरगी फुटबॉल खेळते म्हणून?

“म्हणायला वेळ कुठंय? मी भाकऱ्या थापायले अन् मागून चेंडू जायलाय. दोनदा परात लवंडलीय. पण एक हाय, आमच्या गल्लीत भिंती जवळजवळ. चेंडू उंच गेला की कुणाच्या तरी घरात जातो अन् मग शिव्या. म्हून पोरी खालूनच खेळायला शिकल्या.”

येताना गाडीत मामा खिडकीशी बसले होते. “झालं ना? कर तुझा व्हिडिओ.”

“अजून दुसरा संघ बघायचाय.”

“मी बी येतो,” ते म्हणाले. “दुश्मन बगायला पाहिजे.”

चारठाण्याला जायला एस.टी. जिंतूरला बदलावी लागली. मामांचे गुडघे दुखत होते, पण ते तक्रार करत नव्हते. गावातल्या जुन्या देवळांच्या पलीकडे एक सोयाबीन काढलेलं शेत होतं, तेच या मुलींचं मैदान. काळं रान, ढेकळं फोडून दाबून घेतलेलं. त्यांच्या स्पोर्ट्सच्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी सगळा इतिहास दोन वाक्यांत सांगितला. कॉलेजात कबड्डीचा संघ आधीच भरला होता आणि खेळायची इच्छा असलेल्या मुली उरल्या होत्या. त्यांच्यासाठी त्यांनी फुटबॉल सुरू केला, तोही स्वतः मोबाइलवर बघून बघून.

गोलकीपर होती एक उंच, रुंद खांद्यांची मुलगी. पूर्वी कबड्डीत कव्हरला खेळायची. चेंडू पकडायची तोही चढाईला आलेल्या खेळाडूला धरावं तसा, पोटाशी, जमिनीवर लोळवून. मग उठून तो इतक्या लांब फेकायची की मध्यरेषेच्या पलीकडे पडायचा. तिथे नऊ नंबरची मुलगी आधीच पळत सुटलेली असायची. ती कशी पळायची हे मला अजून नीट सांगता येत नाही. वस्तीवरून शाळेपर्यंत रोज पळत जायची सवय, बाकी काही नाही, असं मॅडम म्हणाल्या. तिच्या मागे सगळ्या मुली, गावात एस.टी. आल्यावर जागा धरायला धावावं तशा.

“ह्याला फुटबॉल म्हणत न्हाईत,” मामा म्हणाले. “ही तर जत्रा हाय.”

पण नऊ नंबर कडेने निघाली की त्यांचं बोलणं तुटायचं. मी ते पाहत होते.

सराव संपल्यावर मुलींनी आम्हाला उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या. पाटीभोवती सगळे गोल बसलो. गोलकीपरने शेंग सोलता सोलता विचारलं, “मॅडम, तुमी आमच्याबद्दल काय सांगणार?”

“अजून ठरवलं नाही.”

“पूर्ण्याच्या लय भारी खेळतेत म्हणं. इकडून तिकडं, इकडून तिकडं. आमाला तसं कुणी शिकवलं न्हाई. आमचं आपलं मारायचं अन् पळायचं.”

ती हे लाजून सांगत नव्हती. हवामान सांगावं तसं सांगत होती. तरी ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि मी ते नको तिथे वापरलं.

परतीच्या एस.टी.त मामांचं आणि माझं जुंपलं. पुढच्या सीटवरचे दोघे आधी मागे वळून बघत होते, मग तेही सामील झाले. माझं म्हणणं साधं होतं. पूर्ण्याच्या मुलींचा खेळ जमिनीवरचा, त्याला मैदान सपाट लागतं. आमचं मैदान काळ्या मातीचं. थंडीत त्याला भेगा पडतात, शेजारच्या म्हशी आडव्या जातात, त्यांच्या खुरांचे ठसे वाळून दगडासारखे होतात. असल्या जागी ठिपके कसे जोडणार? जिंतूरच्या मुलींना मात्र मैदानाशी कर्तव्यच नाही. त्यांचा चेंडू हवेतून जातो.

“खेळणारा कुठं बी खेळतो,” मामा म्हणाले.

“तुम्ही पूर्ण्याचे आहात म्हणून असं म्हणता.”

“तू परभणीची हायस म्हून तुला कायच वाटत न्हाई. कुणाचं तरी व्हावं लागतं माणसानं.”

व्हिडिओ कॉम्प्युटरच्या सरांनी काढला. कॉलेजच्या फाटकाजवळ झाडाखाली मला उभं केलं. मी छान तयारी केली होती. ‘एकीकडे विणकाम, दुसरीकडे वादळ,’ असं सुरुवातीलाच म्हणून टाकलं. पूर्ण्याच्या मुलींचा खेळ देखणा आहे, पण आमचं मैदान देखणं नाही, असंही म्हणाले. जिंतूरच्या मुली मारतात आणि पळतात, आणि या मैदानावर तेच चालेल. शेवटी आकडा सांगितला. जिंतूरचे दोन, पूर्ण्याचा एक.

मामा नुसते बघायला आले होते. सरांनी त्यांनाही खुर्चीत बसवलं. ते कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, “पूर्णा. तीन-शून्य. माझी सून शिकलेली हाय, पण तिला लोणच्याच्या बाटलीवर फुटबॉल शिकवलाय.”

चॅनलवर तोपर्यंत स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ असायचे, ते पालकसुद्धा बघत नसत. हा मात्र पसरला. पूर्ण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला, जिंतूरच्या गेला, माझ्या माहेरी पेडगावला माझ्या भावाच्या ग्रुपवर गेला. भाजीवाल्या मावशींनी मला ‘तीन-शून्यवाल्या काकांची सून का?’ असं विचारलं. प्राचार्यांचा फोन आला तो मात्र वेगळ्या सुरात.

“मॅडम, आपलं मैदान देखणं नाही म्हणालात?”

“सर, ते ओघात आलं.”

“जिल्हाभर गेलंय ओघात.”

दुसऱ्याच दिवशी मैदानावर पाण्याचा टँकर आला. त्याच्या मागून, जवळच रस्त्याचं काम चालू होतं तिथून उसना आणलेला रोलर. पाणी मारायचं, सुकू द्यायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी. म्हशींना दुसरा रस्ता दाखवला. तीन-चार दिवसांत मैदान असं झालं की त्यावर कॅरम खेळावा. माझ्या अंदाजाचा सगळा पायाच त्या रोलरखाली गेला. मामा रोज संध्याकाळी स्टेशनाऐवजी मैदानावर चक्कर मारून यायचे आणि घरी आल्यावर चहा पिताना म्हणायचे, “लय मस्त झालंय.”

सामन्याच्या दिवशी पूर्ण्याची मंडळी गाडीने आली, चारठाण्याची दोन टेम्पो भरून. शामियान्यात टेबल, त्यावर माईक, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर मामा. प्राचार्यांनी त्यांना ‘तज्ज्ञ’ म्हणून बसवलं होतं. टेबलावर तशी पाटीही ठेवली होती. मामांनी ती पाटी दोनदा सरळ केली.

शिट्टी वाजली आणि मी बोलायला लागले. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की मी तयार करून आणलेलं एकही वाक्य जुळत नाही. पूर्ण्याच्या मुली चेंडू उंच मारत होत्या. एवढ्याशा मुली, सगळा जीव एकवटून मारायच्या आणि चेंडू भलतीकडेच जाऊन पडायचा. आणि चारठाण्याच्या मुली एकमेकींना पास देत होत्या. हळू, घाबरत, पायाकडे बघत. पहिला पास जायचा, दुसरा कसाबसा पोचायचा, तिसरा थेट विरोधी मुलीच्या पायात. गोलकीपर चेंडू लांब फेकायच्या ऐवजी शेजारच्या मुलीला अलगद देत होती. नऊ नंबर कडेला उभी राहून वाट बघत होती.

मामांनी माईकवर हात ठेवला. “हे काय करायलेत?”

“मला काय विचारता? तज्ज्ञ तुम्ही आहात.”

प्रेक्षकही गोंधळले होते. पूर्ण्याचे लोक ‘खालून, खालून’ म्हणत होते, चारठाण्याचे ‘मार की, मार’ म्हणत होते. मध्यंतर झालं तेव्हा दोन्हीकडे शून्य होतं आणि त्यात आश्चर्य काही नव्हतं.

मी टेबल सोडून पूर्ण्याच्या मुलींकडे गेले. मामा मागून आलेच. सात नंबर बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेत होती.

“आज उंच का मारताय?” मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. “तुमीच म्हणलात ना मॅडम. ह्या मैदानावर पासिंग चालत न्हाई म्हून. आठवडाभर उंच मारायचीच प्रॅक्टिस केली आमी. पाय भरून आलेत.”

मी मामांकडे बघितलं. मामांना कळलं. ते तिच्यापुढे वाकून उभे राहिले.

“तिचं कामून ऐकता? तिला परवापर्यंत ऑफसाइड माहीत नव्हतं. मैदान बग की. रोलर फिरवलाय. तुमच्या मैदानापेक्षा सपाट हाय. तुमचं तुमी खेळा.”

सात नंबरने पायाने जमीन चाचपली, जसं काही ती आत्ताच तिथे आली होती. मग हसली.

मला एका बाजूलाच सांगून परत फिरणं बरं वाटेना. मी पलीकडे गेले. चारठाण्याच्या मुली कडेच्या गवतावर बसून संत्री खात होत्या. त्यांच्या मॅडमनी माझ्याकडे जरा नाराजीनेच बघितलं. गोलकीपर मात्र उठून उभी राहिली.

“पास देता येत न्हाईत अजून नीट,” तीच आधी म्हणाली. “पण शिकायलोत.”

“का पण? तुमचा खेळ चांगला होता की.”

“तुमी म्हणलात, नुसतं मारतेत अन् पळतेत. कॉलेजात पोरं हसायलेत आमाला. वादळ आलं, वादळ आलं म्हून.”

तुरीच्या शेंगा सोलताना ती जे सहज बोलली होती, तेच मी झाडाखाली उभं राहून सगळ्या जिल्ह्याला ऐकवलं होतं. तिच्या तोंडी ते साधं होतं. माझ्या तोंडून बाहेर पडताना त्याला एक टोक आलं असणार.

“मी ते कौतुकानं म्हटलं होतं,” मी म्हणाले. “तुम्ही जिंकाल असंच सांगितलं ना मी? मारून आणि पळूनच जिंकाल असं सांगितलं. तू फेकतेस तसा चेंडू मी दुसऱ्या कुणाला फेकताना पाहिलेला नाही.”

“पाहिलेतच किती तुमी?” त्यांच्या मॅडम म्हणाल्या, आणि मग आम्ही सगळ्याच हसलो, कारण ते खरं होतं.

उत्तरार्धात मैदान जागं झालं. पूर्ण्याच्या मुलींनी चेंडू खाली आणला आणि ठिपके जोडायला सुरुवात केली. मी माईकवर सात नंबर, चार नंबर, अकरा नंबर, पुन्हा सात नंबर असं म्हणता म्हणता मागे पडायला लागले. एक चेंडू खांबाला लागून परत आला. दुसरा गोलकीपरने पोटाशी धरून लोळवला, उठली, आणि या वेळी तिने शेजारी बघितलंच नाही. फेकला. चेंडू मध्यरेषा ओलांडून पडला आणि नऊ नंबर निघाली. तिच्यामागे पूर्ण्याच्या तिघी होत्या, पण त्या फक्त होत्या. गोल झाला तेव्हा टेम्पोतून आलेल्या बायका पदर सावरत मैदानात शिरल्या, त्यांना बाहेर काढायला पाच मिनिटं लागली.

मामा खुर्चीत मागे टेकले. “चांगला होता,” त्यांनी माईकमध्ये कबूल केलं.

नंतर बराच वेळ पूर्ण्याच्या मुली गोलपाशी जायच्या आणि चारठाण्याच्या मुली भिंतीसारख्या उभ्या राहायच्या. फट कुठेच नव्हती. सात नंबरकडे चेंडू आला. ती नेहमीसारखी थांबली. दोघीतिघी अंगावर आल्या. मागची मोकळी झाली, आम्हाला सगळ्यांना ती दिसली, मामा ‘दे’ म्हणाले. तिने दिला नाही. तिने मान वर केली आणि लांबूनच, डाव्या पायाने, उंच मारला. आठवडाभर मारत होती तसा. गोलकीपर पुढे आली होती. चेंडू तिच्या बोटांवरून गेला आणि मागे जाळीत पडला.

शामियान्यातले सगळे उठून उभे राहिले. मग तिच्या आईचा आवाज आला, “घरात मारू नकोस म्हणजे झालं.”

एक-एक झाल्यावर माझा घसा बसायला लागला. वेळ संपत आली होती. पुन्हा एकदा चेंडू लांब आला आणि पुन्हा नऊ नंबर निघाली, पण आता पूर्ण्याच्या मुलींना ते माहीत झालं होतं. चौघींनी तिला कोपऱ्यात कोंडलं. आता ती मारणार आणि चेंडू कुणाच्या तरी अंगावर आदळणार, असं मी बोलणारच होते. ती थांबली. मागे बघितलं. छोटासा पास दिला. मागच्या मुलीने तो पुढे ढकलला, तिसरीने गोलसमोर नुसता पाय लावला. चेंडू जाळीत गेला. मामांनी माईक स्वतःकडे ओढला. आणि पूर्ण्याचा तो लेफ्ट हाफ हळू आवाजात, कुणाला तरी घरातली बातमी सांगावी तसा म्हणाला, “पास दिला. तिनं पास दिला.”

सामना तिथेच संपला.

मग माझा सत्कारच व्हायचा राहिला. प्राचार्यांनी हातात हात घेतला, “मॅडम, अगदी आकड्यासकट!” म्हणाले. कॉम्प्युटरच्या सरांनी जुना व्हिडिओ काढून सगळ्यांना दाखवला. कुणीतरी विचारलं, विधानसभेचं काही सांगता का. मी हसून सगळ्यांना टाळत होते. जेवणाच्या रांगेत मामा माझ्यामागे उभे राहिले.

“आकडा बरोबर आला तुझा,” ते म्हणाले. “बाकी सगळं चुकलं.”

“तुमचा तर आकडापण चुकला.”

“ते हायच,” ते म्हणाले आणि पुरी घेण्यासाठी ताट पुढे केलं.

सात नंबर थोडा वेळ रडली. आई तिच्याजवळ बसून राहिली. मग मी ताट घेऊन बसायला जागा शोधत होते तेव्हा शामियान्यामागे चेंडूचा आवाज आला. सात नंबर आणि ती उंच गोलकीपर तिथे होत्या. गोलकीपर विचारत होती की चेंडू इतका उंच जाऊन नेमका खाली कसा उतरला, आणि सात नंबर पाय कुठे लावायचा ते दाखवत होती. मग तिने चेंडू हातात घेतला आणि म्हणाली, “आता तू कसं फेकतीस ते दाव.” सात नंबरने फेकलेला पहिला चेंडू तिच्याच पायापाशी पडला. दोन्हीकडच्या मॅडम ‘पुऱ्या थंड व्हायलेत’ म्हणून हाका मारत होत्या, कुणी येत नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीला पूर्ण्याच्या मुलींना सोडायला मामा स्टेशनावर गेले. मीही गेले. गाडी लेट होती, त्यामुळे प्लॅटफॉर्मवर बराच वेळ गप्पा झाल्या. खरं तर मामाच बोलत होते. कॉलनीतल्या जुन्या संघाबद्दल, नांदेडच्या रेल्वेवाल्यांबरोबरच्या सामन्यांबद्दल. मुलींनी सगळं ऐकून घेतलं. गाडी दिसायला लागली तेव्हा सात नंबर म्हणाली, “काका, रविवारी येताव का? तुमी कडेला उभं राहून बोलत होतात ना, बरं वाटत होतं.”

“बगू,” मामा म्हणाले.

रविवारी मी उठले तेव्हा ओट्यावर त्यांचा चहाचा कप धुऊन पालथा ठेवलेला होता आणि ते घरात नव्हते. दुपारी आम्ही त्यांच्यासाठी जेवायचं थांबलो होतो तेव्हा फोन आला. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता, मधूनच शिट्टी.

“तुमी जेवून घ्या,” मामा म्हणाले. “इथं अजून चालू हाय.”